पारपटल

मागच्या श्रावणात एका रात्री पावणेदोनला बाईंच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आम्ही सगळ्या विद्यार्थिनी ज्यांना मावशी म्हणतो त्यांचा, फोन आला. "ताई उठत नाहीये गं," एवढेच त्या म्हणाल्या आणि फोन हातात धरून गप्प राहिल्या. ठाण्यात चरईतल्या आमच्या घरापासून घंटाळीजवळच्या बाईंच्या इमारतीपर्यंत पायी पंधरा मिनिटे लागतात. त्या रात्री धो धो पाऊस असूनही मी आणि माझे यजमान त्याहून पुष्कळ लवकर पोहोचलो. बाई पलंगावर उजव्या कुशीवर होत्या, एक हात उशीखाली होता आणि चष्मा नेहमीप्रमाणे घडी घालून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलेला होता. सव्वाला त्यांनी मावशींकडून घोटभर पाणी मागून घेतले होते, पंखा थोडा कमी करायला सांगितले होते आणि त्यानंतर त्या काही बोलल्या नव्हत्या. त्यांचे वय ८१ होते आणि हृदयाचे दुखणे जुने होते, त्यामुळे जे झाले ते अनपेक्षित नव्हते. तरीही मनगट हातात घेऊन मी बराच वेळ नाडी शोधत बसले.

स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या आतल्या बाजूला नेत्रदानाचे कार्ड चिकटवलेले होते आणि त्याखाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरांत नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक निळ्या शाईने लिहिलेला होता. तो तिथे आहे हे मला ठाऊक होते, कारण निवृत्तीनंतर काही वर्षांनी, मी दिवाळीचा फराळ घेऊन गेले असताना, त्यांनी मला हाताला धरून फडताळापाशी नेले होते. "अगं, फॉर्म भरून काही होत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "त्या वेळी घरात जो असेल त्याने फोन केला, तरच पुढचं होतं. म्हणून दोघातिघांना सांगून ठेवते आहे. त्यात तू एक." तेव्हा मला ते ऐकवले नव्हते आणि मी विषय बदलला होता. बाईंनी मात्र क्रमांक मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला होता.

आम्हाला त्या नववीत आणि दहावीत विज्ञान शिकवायच्या. १९८८ सालच्या पावसाळ्यातला एक तास मला आजही मिनिटागणिक आठवतो. बाई स्वतः पूर्ण शाकाहारी, घरी कांदा-लसूणही बेताचाच. पण त्या दिवशी सकाळी त्यांनी जांभळी नाक्याजवळच्या खाटिकाकडून बकऱ्याचे दोन डोळे आणले होते, तेही स्वतः जाऊन, शिपायाला न पाठवता. स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले ते डोळे त्यांनी लाकडी पाटावर ठेवले तेव्हा मागच्या बाकांवरच्या दोघी बाहेर पळाल्या. बाई रागावल्या नाहीत. "ज्यांना बघवत नाही त्यांनी खिडकीपाशी उभं राहा, पण कान इकडे ठेवा," असे म्हणून त्यांनी ब्लेडने बुबुळाच्या कडेने गोल छेद घेतला आणि पुढचा पारदर्शक पडदा चिमट्यात धरून आमच्यापुढे केला. "हे पारपटल. घड्याळावरच्या काचेसारखं. ह्यात रक्तवाहिनी एकही नाही. रक्ताची नळी असती तर आरपार दिसलं असतं का? ह्याला लागणारा प्राणवायू ते बाहेरच्या हवेतून घेतं." मग त्यांनी नेत्रभिंग काढून कालच्या वर्तमानपत्रावर ठेवले. मोत्याएवढ्या त्या गोळ्याखालची अक्षरे मोठी झालेली पाहायला खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीसुद्धा पाटाभोवती येऊन वाकल्या.

पण त्या तासातली जी गोष्ट मला पुढे छत्तीस-सदतीस वर्षांनी उपयोगी पडली, ती वेगळीच होती. दुसरा डोळा बाईंनी कापलाच नाही. तो तसाच उघडा ठेवला आणि दुपारच्या सुट्टीनंतर आम्हाला पुन्हा बोलावून दाखवला. सकाळी काचेसारखे असलेले पारपटल दुपारी धुरकट, सुरकुतलेले, उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखे झाले होते. बाईंनी कारण सांगितले. पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो रात्रंदिवस पारपटलातले पाणी उपसून बाहेर टाकत असतो. मरणानंतर हे उपसणे थांबते, पाणी आत मुरते आणि काच धुरकट होत जाते. त्यात पापण्या उघड्या राहिल्या तर वरचा भागही सुकतो. "माणसाचंही असंच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून डोळे चार ते सहा तासांच्या आत काढावे लागतात." वर्ग चिडीचूप झाला होता. चौदा वर्षांच्या मुलींशी मरणाविषयी इतक्या सरळपणे बोलणारे तोपर्यंत आम्हाला कोणी भेटलेले नव्हते.

त्या रात्री मी पहिला फोन नेत्रपेढीलाच केला. हे मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी माणसे आधी नातेवाइकांना कळवत बसतात आणि तासदीड तास त्यातच जातो. पलीकडच्या व्यक्तीने शांतपणे नाव, वय, पत्ता, मृत्यूची अंदाजे वेळ आणि कारण विचारले, पथक निघत असल्याचे सांगितले आणि तोवर करायच्या चार गोष्टी सांगितल्या. दोन्ही पापण्या नीट मिटवायच्या, त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, उशी देऊन डोके साधारण सहा इंच उंच करायचे आणि पंखा बंद करायचा. मी कापूस भिजवत असताना यजमानांनी पंख्याचे बटण बंद केले, तेव्हा मावशी पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. "पंखा नका बंद करू. तिला उकाडा सहन होत नाही," असे त्या पुनःपुन्हा म्हणत राहिल्या. वाऱ्याने डोळे सुकतात हे त्यांना मी सांगितले, पण ते सांगताना माझाही आवाज फुटेना. आम्ही खिडकीचे एक दार उघडले. पावसाचा गारवा आत आला, आणि मग त्या थोड्या शांत झाल्या.

सर्वांत जास्त वेळ गेला तो मृत्यूच्या दाखल्यात. घरी नैसर्गिक मृत्यू झाला तर आजारपणात औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरांनी येऊन, तपासून, मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यावा लागतो. त्याला नमुना ४ अ म्हणतात. नेत्रपेढीला तो दाखवावा लागतो, स्मशानभूमीत लागतो आणि पुढे महापालिकेत मृत्यूची नोंद करतानाही लागतो. बाईंच्या डॉक्टरांचा फोन लागेना. जवळच्या एका रुग्णालयात फोन केला, तर तिथल्या माणसाने "पेशंटला आधी इकडे घेऊन या" हे एकच वाक्य धरून ठेवले. बाई गेल्या आहेत आणि डॉक्टर घरी येऊ शकतील का एवढेच विचारायचे आहे, हे समजावण्यात आमची दहा मिनिटे गेली आणि शेवटी त्याने फोन ठेवून दिला. त्या दहा मिनिटांचा मला आजही राग येतो. अखेर यजमान भर पावसात राम मारुती रोडजवळच्या डॉक्टरांच्या घरी गेले, बेल वाजवून त्यांना उठवले आणि स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले. डॉक्टरांनी तपासले, घड्याळ पाहिले, दाखला लिहिला आणि सही केल्यावर टोपण न लावताच पेन हातात धरून थोडा वेळ तसेच बसून राहिले. त्यांची मुलगीही बाईंचीच विद्यार्थिनी.

आता प्रश्न संमतीचा होता. बाईंनी हयातीत अर्ज भरलेला असला तरी प्रत्यक्ष वेळी जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बाईंचा मुलगा पुण्याला असतो. तो निघाला होता, पण पावसात द्रुतगती मार्गावरून ठाण्याला पोहोचायला त्याला पहाट होणार होती. फोनवर तो म्हणाला, "माझी वाट पाहू नका. आईने मला शंभर वेळा सांगितलंय. मावशीला सही करायला सांगा." मावशींचा हात मात्र कागदावर टेकेना. त्यांना दोन भीती होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक म्हणजे, मुलगा येईल तेव्हा त्याच्या आईचा चेहरा कसा दिसेल. दुसरी म्हणजे, बाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती. मग हे डोळे कुणाला चालणार तरी का, उगाच तिची विटंबना होईल. त्यातच शेजारचे एक वयस्कर गृहस्थ दारात येऊन म्हणाले, "बघा हो, पुढच्या जन्मी डोळ्यांवाचून जन्माला यावं लागतं म्हणतात." ते वाईट मनाने बोलले नव्हते. बाईंवर त्यांची फार माया होती.

त्या गृहस्थांना मी काहीच उत्तर दिले नाही. मावशींशेजारी पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांच्या तळहातावर बोटाने डोळ्याची आकृती काढली. हे पुढे पारपटल, हे बुबुळ, आणि बुबुळाच्या मागे नेत्रभिंग. मोतीबिंदू ह्या मागच्या भिंगात होतो, ते भिंग काढून दुसरे बसवतात. दान करायचे ते हे पुढचे पारपटल, त्याला काही झालेले नाही. चष्मा असो, मधुमेह असो, तरी पारपटल चालते. पुष्कळ नेत्रपेढ्या आता पूर्ण डोळा काढतही नाहीत, कडेच्या पांढऱ्या भागाच्या अरुंद पट्टीसह फक्त ही वरची चकती काढतात. मी बोलत होते आणि माझ्या लक्षात येत होते की ही वाक्ये माझी नाहीत. "इथे बोट ठेव," "आता मागे जा," हे सारे बाईंचे होते, फळ्यापाशी उभे करून विचारताना त्या असेच बोलायच्या. मावशींनी सगळे ऐकून घेतले, हात मागे घेतला आणि विचारले, "तिनंच शिकवलं का तुला हे?" मी हो म्हटले. मावशींनी बाईंचाच चष्मा डोळ्यांना लावला आणि कागदावर सही केली. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि दुसरी सही त्या शेजारच्या गृहस्थांनी, कुणी न सांगता, पुढे होऊन केली.

पथक पावणेचारला आले. पथक म्हणजे पंचविशीतली एक तंत्रज्ञ मुलगी आणि एक मदतनीस, दोघेही अर्धे भिजलेले. मुलीने आधी बाईंना हात जोडून नमस्कार केला, मग हात धुतले आणि मावशींना काही प्रश्न विचारले. अलीकडे ताप होता का, कावीळ कधी झाली होती का, कुत्रा चावला होता का, रुग्णालयात किती दिवस होत्या. एड्स, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत डोळे प्रत्यारोपणासाठी घेत नाहीत, त्यासाठी हे विचारावे लागते. शिवाय तपासणीसाठी थोडे रक्तही घेतात. मग तिने कापसाच्या घड्या उचलल्या, पापणी वर करून बॅटरीचा झोत टाकला आणि मदतनिसाला म्हणाली, "कॉर्निया एकदम क्लिअर आहे. कापूस चांगला ठेवलाय." हे ऐकून मला जे वाटले त्याला नाव देता येत नाही. बाईंनी परीक्षेत पैकीच्या पैकी दिल्यासारखे होते ते, आणि त्याच क्षणी बाई गेल्या हेही मला पहिल्यांदा पुरते कळले.

सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितले होते. मी आत थांबू का असे विचारले, तेव्हा त्या मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. निर्जंतुक हिरवे कापड, त्याला मध्ये गोल भोक, वाकून काम करणारी तिची पाठ. मला दिसले ते एवढेच. सारे वीस मिनिटांत आटोपले. शेवटी तिने एक छोटी बाटली उजेडापुढे धरली. फिकट गुलाबी द्रवात तळाशी एक पारदर्शक चकती होती, नखाएवढी, कडेला पांढरी किनार असलेली. "ह्यात किती दिवस राहतं?" मी विचारले. द्रव कोणता वापरला आहे त्यावर ते अवलंबून असते, काहींत चार दिवस आणि काहींत चौदा दिवसांपर्यंत, असे ती म्हणाली. मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या चकतीमागे मला बाईंचे सगळे पाहणे दिसत होते, म्हणजे वर्गाच्या दारातून आत येताना गैरहजर कोण आहे हे एका नजरेत टिपणारे, वहीतली चूक लांबून पकडणारे. बाटल्या बर्फाच्या पेटीत गेल्या. मुलीने पापण्यांखाली प्लास्टिकच्या लहान चकत्या बसवून त्या मिटवल्या, चेहरा ओल्या कापसाने पुसला, पदर सारखा केला आणि मावशींना बोलावले. मावशी वाकून बघत राहिल्या. "तशीच आहे," त्या म्हणाल्या आणि बाईंच्या कपाळावरून हात फिरवला.

मुलगा साडेसहाला आला. जवाहरबाग स्मशानभूमीत कितीतरी जुने विद्यार्थी जमले होते. काही थेट कार्यालयाच्या कपड्यांत, कित्येकांचे केस पांढरे झालेले. त्या दिवसाविषयी आणखी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

पंधरा दिवसांनी शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. आदर्श शिक्षिका, ज्ञानाचा दीपस्तंभ, संस्कारांचे विद्यापीठ असे शब्द बोलले गेले आणि ते मनापासूनच बोलले गेले. पण असे शब्द कोणत्याही चांगल्या शिक्षकाविषयी बोलता येतात आणि त्यांत आमच्या बाई मला कुठे सापडल्या नाहीत. माझी पाळी आली तेव्हा मी स्टीलच्या डब्याविषयी सांगितले, वर्तमानपत्रावरच्या भिंगाविषयी सांगितले, दुपारी धुरकट झालेल्या डोळ्याविषयी सांगितले आणि मग त्या रात्री काय काय करावे लागले ते क्रमाने सांगितले. सभा संपल्यावर बऱ्याच जणांनी माझ्याकडून नेत्रपेढीचा क्रमांक घेतला. त्यांना मी बाईंचेच वाक्य सांगितले, की नुसता घेऊ नका, घरच्यांना दोनदा वाचायला लावा.

त्याच आठवड्यात नेत्रपेढीचे पत्र आले. दोन्हींपैकी एका पारपटलाचे प्रत्यारोपण झाले होते. दुसऱ्यात आतल्या थरातील पेशींची संख्या वयोमानाने पुरेशी भरली नाही, म्हणून ते डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवले गेले. ज्याला पारपटल मिळाले त्याचे नाव, गाव काहीही कळवत नाहीत. मावशींना दुसऱ्या डोळ्याची हुरहूर लागली. "एकच?" त्या म्हणाल्या. त्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, वय वाढते तशा कमी होत जातात, हे मी त्यांना सांगितले, आणि मग बाईंनी वर्गात सांगितलेली एक हकिगतही सांगितली. पारपटलाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियात, म्हणजे आताच्या चेक प्रजासत्ताकात, एडुआर्ड झिर्म ह्या नेत्रतज्ज्ञाने केले. चुन्याने दोन्ही डोळे भाजून अंध झालेल्या एका शेतमजुरावर ती शस्त्रक्रिया झाली होती. त्याचाही एक डोळा पुन्हा गेला आणि एकच टिकला. पण त्या एका डोळ्याच्या बळावर तो माणूस पुन्हा कामाला लागला. ही हकिगत सांगून झाल्यावर बाई आम्हाला बजावायच्या की घरात कुणी तंबाखू खात असेल तर चुन्याची डबी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मावशी हसल्या. "हे मात्र अगदी तिचं," त्या म्हणाल्या.

दिवाळीपूर्वी माळ्यावरची आवराआवर करताना आईने जपून ठेवलेली माझी नववीची प्रयोगवही सापडली. मावशींना बाईंचे अक्षर बघायचे होते, म्हणून मी ती घेऊन घंटाळीला गेले. डोळ्याच्या आकृतीचे पान काढून दिले. पेन्सिलीने काढलेल्या त्या आकृतीशेजारी लाल शाईने लिहिलेले होते, "पारपटल फार जाड झाले आहे. पुन्हा काढ." मावशींनी बाईंचा चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि लाल अक्षरांवरून बोट फिरवले.

"मग काढलीस का पुन्हा?" त्यांनी विचारले.

मी पान उलटून दाखवले.